परळच्या एका रुग्णसाहाय्य संस्थेचे मराठी संकेतस्थळ: उभारणीचे प्रकरण

परळ आणि दादर यांच्यामधल्या पट्ट्यात केईएम (१९२६), टाटा मेमोरियल (१९४१) आणि वाडिया ही रुग्णालये आहेत, आणि त्यांच्या आसपासच्या पदपथांवर वर्षाचे बाराही महिने महाराष्ट्राच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतून आलेली माणसे पिशव्या उशाशी घेऊन बसलेली दिसतात. बाहेरगावच्या रुग्णांना आणि त्यांच्या सोबतच्या नातेवाइकांना अल्प दरात खोली मिळवून देणे, शासकीय योजनांचे अर्ज भरायला मदत करणे आणि कोणत्या खिडकीवर कोणता कागद लागतो हे समजावून सांगणे, हे काम करणाऱ्या परळमधील एका लहान संस्थेच्या संकेतस्थळाचे हे प्रकरण आहे. मी त्या संस्थेत स्वयंसेवक आहे आणि मराठी आवृत्तीचे काम पहिल्या दिवसापासून माझ्याकडे होते.

संस्थेचे संकेतस्थळ आधी फक्त इंग्रजीत होते. ते देणगीदारांना डोळ्यांसमोर ठेवून तयार झाले होते आणि त्या दृष्टीने चांगलेच होते. कार्याचा आढावा, वार्षिक अहवाल, देणगीवरील करसवलतीची माहिती, छायाचित्रे असे सगळे त्यावर नीट मांडलेले होते. रुग्णांसाठीची माहितीही तिथेच होती, पण तिचा उपयोग जवळजवळ कोणीच करत नव्हते. हे लक्षात आले ते दूरध्वनीच्या नोंदवहीवरून. येणाऱ्या बहुतेक फोनवर विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची संकेतस्थळावर आधीच लिहिलेली उत्तरे शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा माहिती नसणे ही अडचण नव्हती हे स्पष्ट झाले. लातूरहून किंवा जतहून फोन करणाऱ्या माणसाच्या हातात स्मार्टफोन होता, त्यावर संस्थेचे पान उघडतही होते, पण ते त्याच्यासाठी लिहिलेले नव्हते.

पहिला प्रयत्न आणि त्यातून दिसलेल्या चुका

विश्वस्तांच्या बैठकीत मराठी आवृत्तीला लगेच मान्यता मिळाली आणि ती एका महिन्यात पूर्ण करावी असे ठरले. मुदत एवढी कमी असल्याने पहिला मार्ग यांत्रिक भाषांतराचा निवडला गेला. सगळ्या पानांचा मजकूर एका सेवेतून मराठीत काढून, वरवर वाचून चढवायचा, अशी योजना होती. यांत्रिक भाषांतराला मी सरसकट नावे ठेवणार नाही. मराठीसाठी ते गेल्या दहा-बारा वर्षांत पुष्कळ सुधारले आहे आणि वार्षिक अहवालासारख्या मजकुराचा कच्चा खर्डा त्यातून बरा निघतो. परंतु ज्या मजकुरावर माणूस काहीतरी कृती करणार आहे, तिथे वरवर बरोबर दिसणारे वाक्य सर्वांत धोक्याचे ठरते, हे त्या पंधरवड्यात आम्ही पाहिले.

काही चुका उघड होत्या. मुखपृष्ठाच्या दुव्यावर ‘घर’ असे आले, अर्ज करण्याच्या बटणावर ‘लागू करा’ आले आणि रुग्णालयातून घरी सोडल्यानंतर राहण्याची सोय सांगणाऱ्या पानाचे शीर्षक ‘स्रावानंतर निवास’ असे झाले, कारण डिस्चार्ज या इंग्रजी शब्दाचा दुसरा अर्थ यंत्राने घेतला होता. अशा चुका कोणाच्याही डोळ्यांना खुपतात, त्यामुळे त्या लगेच दुरुस्त झाल्या. ज्या चुका खुपत नाहीत त्यांनी जास्त त्रास दिला. रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या नातेवाइकासाठी ‘काळजीवाहू’ हा शब्द आला होता. शब्द शुद्ध मराठी आहे, पण वाचकाने तो वर्तमानपत्रात ‘काळजीवाहू सरकार’ या जोडीतच पाहिलेला असतो, आणि ‘काळजीवाहूसाठी एक खाट’ या वाक्याचा त्याला अर्थ लागत नाही. रुग्णांनी एकत्र बसून अनुभव सांगण्याच्या साप्ताहिक बैठकीला ‘आधार गट’ असे नाव मिळाले होते, आणि ते वाचून दोघा-तिघांनी त्या बैठकीला आधार कार्ड आणायचे का, असे विचारले. त्यांची काही चूक नव्हती, कारण रुग्णालयाच्या आवारात ‘आधार’ या शब्दाचा आज तोच अर्थ आहे.

सर्वांत गंभीर वाक्य तपासणीच्या तयारीच्या पानावर सापडले. स्कॅनपूर्वी सहा तास काही खाऊ नये, या सूचनेचे भाषांतर ‘सहा तास उपवास करावा’ असे झाले होते. भाषांतर तपासणाऱ्या आम्हा तिघांपैकी एकालाही त्यात काही वावगे दिसले नाही. आम्ही तो मजकूर धर्मशाळेच्या स्वयंपाकघरात मोठ्याने वाचून दाखवला, तेव्हा तिथे काम करणाऱ्या मावशींनी साधेपणाने विचारले, “मग त्या दिवशी त्यांना भगर करून द्यायची का?” मराठी घरात उपवास म्हणजे पोट रिकामे ठेवणे नव्हे, साबुदाण्याची खिचडी, राजगिऱ्याचा लाडू, केळे आणि दूध हे सगळे उपवासाला चालते. त्या वाक्यावर भरवसा ठेवून कोणी खिचडी खाऊन तपासणीला गेले असते, तर दूरवरून आलेल्या माणसाची तारीख वाया गेली असती आणि पुढची कधी मिळाली असती हे सांगता येत नाही. आम्ही ते वाक्य बदलून ‘तपासणीच्या आधी सहा तास पूर्ण उपाशी राहावे, उपवासाचे पदार्थ, दूध, चहा, फळे यांपैकी काहीही घेऊ नये, साधे पाणी चालेल’ असे केले. इंग्रजी वाक्यापेक्षा ते तिप्पट लांब आहे, पण मराठी वाचकाला लागणारी माहिती त्याच लांबीत बसते.

या प्रसंगानंतर एका महिन्याची मुदत मागे घेण्यात आली, आणि मराठी मजकुराचे प्रत्येक पान संस्थेबाहेरच्या किमान एका माणसाला वाचून दाखवल्याशिवाय प्रकाशित करायचे नाही, असे ठरले.

काय घ्यायचे आणि काय नाही

इंग्रजीत साठाच्या आसपास पाने होती. ती सगळी मराठीत आणण्याचा आग्रह सोडायला थोडा वेळ लागला, कारण दोन्ही भाषा समान दिसल्या पाहिजेत ही भावना प्रामाणिक होती. अखेर दूरध्वनीची नोंदवहीच निकष ठरली. ज्या प्रश्नासाठी फोन येतात त्याचे पान आधी घ्यायचे, बाकीची नंतर. त्या हिशेबाने १७ पाने निवडली गेली, आणि देणगीदारांसाठीचे अहवाल इंग्रजीतच राहिले. ज्या पानाची मराठी आवृत्ती नाही तिथे भाषा बदलण्याचा दुवाच दाखवायचा नाही, हेही तेव्हाच ठरवले. मराठी दुवा दाबून इंग्रजी पान समोर आले की वाचक पुन्हा तो दुवा दाबत नाही.

शब्दांची वही

भाषांतराला हात घालण्याआधी आम्ही शब्दांची एक वही केली, आणि सगळ्या प्रकल्पात तिच्याइतके उपयोगी दुसरे काही झाले नाही. तिच्यात प्रत्येक संकल्पनेसाठी तीन रकाने होते: शासकीय कागदावरचा शब्द, रुग्णालयाच्या पाटीवरचा शब्द आणि माणसांच्या तोंडचा शब्द.

हे तीन शब्द बरेचदा वेगळे असतात, आणि त्यांपैकी कोणताही चुकीचा नसतो. बाह्यरुग्ण विभागाला सगळे ‘ओपीडी’ म्हणतात. रुग्णपत्रिका हा शब्द आम्ही एकाही नातेवाइकाकडून ऐकला नाही, तो ‘केसपेपर’च असतो. किरणोपचाराला शहरात रेडिएशन म्हणतात, पण आमच्याकडे येणारे अनेक जण ‘शेक घेतला’ किंवा ‘लाईट दिली’ असे सांगतात. शुद्धतेचा आग्रह धरून एकच शब्द ठेवला असता, तर वाचकाला पान सापडले नसते किंवा सापडूनही ते आपल्यासाठी आहे हे कळले नसते. म्हणून शीर्षकात ‘किरणोपचार’ आणि पहिल्याच वाक्यात ‘ज्याला रेडिएशन किंवा शेक म्हणतात’ अशी रचना ठेवली.

काही ठिकाणी मात्र बोलीतला शब्द मुद्दाम बाजूला ठेवावा लागला. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकातील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. इंग्रजी पानाच्या पहिल्या भाषांतरात दोन्हींसाठी ‘गरीब’ हा शब्द आला होता. परंतु या दोन गटांची उत्पन्नमर्यादा वेगळी आहे आणि मिळणारा लाभही वेगळा आहे, आणि खिडकीवरचा कर्मचारी ‘निर्धनमध्ये बसता की दुर्बलमध्ये?’ असे विचारतो. तो प्रश्न ऐकण्याआधीच ते दोन शब्द वाचकाच्या ओळखीचे व्हावेत, म्हणून आम्ही ते जसेच्या तसे ठेवले आणि प्रत्येकाच्या खाली साध्या भाषेत अर्थ लिहिला. योजनांच्या नावांचेही तसेच. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेचे नाव २०१७ मध्ये महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना असे झाले, तरी कित्येक जण अजून ‘जीवनदायी’च म्हणतात. पानावर नवे नाव आहे, आणि जुन्या नावाने शोधले तरी तेच पान निघते.

तंत्राची बाजू

संकेतस्थळ वर्डप्रेस या संकेतस्थळ चालवण्याच्या तयार प्रणालीवर होते, त्यामुळे दुसरी भाषा जोडण्यासाठी तयार साधने उपलब्ध होती. मराठी पाने वेगळ्या नावाच्या संकेतस्थळावर न ठेवता मूळ पत्त्याच्याच पुढे मराठीचा ‘एमआर’ हा दोन अक्षरी भाषासंकेत लावून ठेवली, म्हणजे संस्थेची ओळख एकच राहते आणि देखभालही एकाच जागी होते. पानांचे पत्ते देवनागरीत ठेवण्याचा मोह झाला होता. परंतु देवनागरीतले प्रत्येक अक्षरचिन्ह पत्त्यात सांकेतिक रूपात गेले की नऊ चिन्हांचे होते, म्हणजे ‘मदत’ एवढ्या शब्दाची २७ चिन्हे होतात, आणि असा पत्ता व्हॉट्सॲपवर पुढे पाठवला की तो अनेकदा तुटका किंवा संशयास्पद दिसतो. आमची पाने एका नातेवाइकाकडून दुसऱ्याकडे व्हॉट्सॲपवरूनच जातात, म्हणून पत्ते लहान आणि रोमन लिपीत ठेवले.

भाषेची घोषणा ही वरवर किरकोळ वाटणारी गोष्ट आहे. साच्यात सगळ्या पानांची भाषा इंग्रजी अशी नोंदलेली होती आणि मराठी पानांनाही तीच चिकटली. परिणामी फोनमधला वाचून दाखवणारा आवाज मराठी मजकूर इंग्रजी समजून वाचू लागला आणि ब्राउझर मराठी पानाचे भाषांतर करू का, असे विचारू लागला. नोंद दुरुस्त होताच दोन्ही गोष्टी थांबल्या. ज्या फॉन्टमध्ये तशी सोय आहे, त्यात या नोंदीमुळे ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणेही आपोआप येतात. ती हिंदी वळणांहून वेगळी आहेत, आणि ज्या वाचकाने पाटीवर अक्षरे गिरवली त्याला ती आपली वाटतात. फॉन्ट म्हणून आम्ही मुंबईच्याच ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या समूहाचा ‘मुक्ता’ घेतला. तो मुक्त वापरासाठी आहे आणि लहान आकारातही जोडाक्षरे स्पष्ट राहतात. इंग्रजी साच्यातले ओळींमधले अंतर कमी होते, त्यामुळे वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीचे रफार एकमेकांना भिडत होते. ते अंतर वाढवावे लागले. शीर्षकांच्या अक्षरांमध्ये सोडलेली मोकळी जागाही काढून टाकावी लागली, कारण तिने शिरोरेषेचे तुकडे होत होते.

संस्थेकडे जुने मराठी अर्ज आणि माहितीपत्रकेही होती, आणि ती थेट वापरता येतील असे सुरुवातीला गृहीत धरले होते. ती युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच ठरावीक संकेत देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या काळातल्या फॉन्टमध्ये टंकलेली निघाली. छापील कागदावर ती सुरेख दिसतात, पण त्यातला मजकूर उचलून संकेतस्थळावर ठेवला की निव्वळ चिन्हांचा गोंधळ उरतो. रूपांतर करणारी साधने आहेत, पण रफार आणि वेलांट्यांच्या जागा चुकत राहिल्याने सगळे पुन्हा टंकणे कमी कष्टाचे ठरले.

शोधपेटीने आणखी काही दिवस घेतले. युनिकोडमध्ये ‘ॲ’ या अक्षराला २००८ पासून स्वतःचे स्थान आहे, पण त्याआधीपासून ‘अ’ला अर्धचंद्र जोडून तेच अक्षर लिहिले जात होते आणि अनेक कळफलक अजून तसेच लिहितात. डोळ्यांना दोन्ही सारखी दिसतात, संगणकाला ती वेगळी असतात. त्यामुळे ‘ॲडमिट’ शोधणाऱ्याला एका रूपातले पान सापडे आणि दुसऱ्यातले सापडत नसे. ‘दुसऱ्या’, ‘तिसऱ्या’ यांतला अर्धा ‘र’ही दोन पद्धतींनी लिहिला जातो आणि तिथेही हेच घडले. शोधण्याआधी ही सगळी रूपे एकाच रूपात आणण्याचा संस्कार आम्ही मजकुरावरही केला आणि वाचकाने टंकलेल्या शब्दावरही. त्याच्या जोडीला कॅन्सर, कँसर, कर्करोग अशा पर्यायांची यादी दिली, आणि ती यादी शब्दांच्या वहीतूनच आली.

अंकांच्या बाबतीत मतभेद झाले. बेस्टच्या बसच्या पाटीवर मार्ग क्रमांक मराठी अंकांत लिहिण्याची रीत मुंबईत जुनी आहे आणि मराठी पानावर मराठी अंक असावेत, हे मला स्वतःला मनापासून पटते. परंतु केसपेपरवरचा नोंदणी क्रमांक इंग्रजी अंकांत असतो आणि वाचकाला तो चिन्हाला चिन्ह लावून जुळवायचा असतो. फोन क्रमांकही फोनच्या कळांवर इंग्रजी अंकांतच दिसतो. शेवटी चालू मजकुरात आणि रकमांमध्ये मराठी अंक, आणि जो आकडा कुठेतरी भरायचा, दाखवायचा किंवा दाबायचा आहे तो इंग्रजी अंकांत, अशी विभागणी झाली. तरीही एक अडचण आलीच. मराठी भाषा निवडली की बहुतेक ब्राउझर तारखा आपणहून मराठी अंकांत लिहितात, हिंदीसाठी तसे करत नाहीत. त्या तारखा खोल्यांच्या नोंदीच्या तक्त्यात मराठी अंकांत शिरल्या आणि तक्ता त्या क्रमाने लावू शकेना. उलट बाजूने, मराठी कळफलकावरून मोबाइल क्रमांक भरणाऱ्यांचे अर्ज ‘क्रमांक चुकीचा आहे’ असे सांगून परत जात होते, कारण तपासणी फक्त इंग्रजी अंक ओळखत होती. स्वतःचा क्रमांक बरोबर भरूनही तो चुकीचा आहे असे ज्यांना सांगितले गेले, त्यांपैकी कितीजण पुन्हा प्रयत्न न करता निघून गेले असतील, या विचाराने मला अजून वाईट वाटते.

अर्जाबद्दल आणखी एक. इंग्रजी अर्जात नाव आणि आडनाव असे दोनच रकाने होते. आपल्याकडे मधले नाव, म्हणजे वडिलांचे किंवा पतीचे नाव, शिधापत्रिकेपासून उत्पन्नाच्या दाखल्यापर्यंत सगळीकडे असते, आणि कागदांवरची नावे जुळली नाहीत तर अर्ज अडतो. आम्ही तिसरा रकाना जोडला आणि त्याखाली ‘केसपेपरवर आहे तसेच लिहावे’ अशी सूचना ठेवली. पुढे इंग्रजी अर्जातही तो रकाना आला.

नोंदणीनंतर जाणारा एसएमएस मराठीत करणे सर्वांत खर्चिक ठरले. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात, देवनागरीत ७०, आणि त्यात काने, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजले जातात. जुना संदेश जसाच्या तसा मराठीत केला तर त्याचे तीन भाग होत होते आणि तिन्हींचे पैसे लागत होते. शिवाय दूरसंचार नियामकाच्या नियमांनुसार संदेशाचा प्रत्येक नमुना आधी नोंदवावा लागतो आणि मराठी नमुने वेगळे नोंदवावे लागतात. आम्ही संदेश अगदी मोजका केला: खोली, तारीख, फोन क्रमांक. बाकीचे सगळे पानावर ठेवले.

जोडलेली वाक्ये

इंग्रजी संकेतस्थळावर पुष्कळ वाक्ये रिकाम्या जागा भरून तयार होत होती. अमुक ठिकाणी इतक्या खाटा उपलब्ध आहेत, या वाक्यात ठिकाण आणि आकडा यंत्र भरते. मराठीत ‘मध्ये’ जोडले की ‘परळमध्ये’ आणि ‘दादरमध्ये’ नीट बसतात, पण ‘ठाणेमध्ये’ होते आणि वाचक अडखळतो, कारण नामाचे सामान्यरूप यंत्राला ठाऊक नसते. ‘तुमचा अर्ज’, ‘तुमची नोंदणी’, ‘तुमचे पत्र’ यांतल्या लिंगभेदाने तीच अडचण आणली. एकाच साच्यात ‘तुमचे नोंदणी मिळाले’ असे वाक्य तयार होत होते. वाचक याचा अर्थ लावू शकतो हे खरे आहे, परंतु आजारपणात मदत मागणाऱ्या माणसाशी मोडक्या भाषेत बोलणे मला गैर वाटते. आम्ही असे साचे मोडले. जिथे शक्य तिथे पूर्ण वाक्ये वेगवेगळी लिहिली आणि जिथे शक्य नव्हते तिथे ‘ठिकाण: ठाणे’, ‘शिल्लक खाटा: ४’ अशी मांडणी घेतली. संबोधनासाठी ‘आपण’ की ‘तुम्ही’ यावर चर्चा झाली आणि ‘तुम्ही’ ठरले, कारण ‘आपण’ने कधीकधी संस्था आणि वाचक दोघे मिळून काही करणार आहेत असा अर्थ निघतो, आणि कोणी काय करायचे हे अशा मजकुरात संदिग्ध राहून चालत नाही.

जुने झालेले पान

मराठी आवृत्ती सुरू झाल्यावर पहिले काही महिने समाधानाचे होते. मग एक दिवस बीड जिल्ह्यातून एक गृहस्थ पत्नीला घेऊन आले. मराठी पानावरची कागदपत्रांची यादी त्यांनी कागदावर उतरवून आणली होती आणि त्यातला प्रत्येक कागद त्यांच्याकडे होता. परंतु उत्पन्नाचा दाखला मागील वर्षाचा होता. चालू आर्थिक वर्षाचाच दाखला लागतो, ही दुरुस्ती इंग्रजी पानावर दोन महिन्यांपूर्वी झाली होती. मराठी पानावर ती झालीच नव्हती. त्यांना दाखल्यासाठी तहसील कार्यालयापर्यंत परत जावे लागले. पत्नी इथे राहिल्या, संस्थेने त्यांच्या खोलीची सोय केली, पण त्यांचे दिवस आणि प्रवासाचे पैसे आम्ही परत देऊ शकलो नाही. मराठी पान मुळात नसते, तर त्यांनी आधी फोन केला असता आणि त्यांना बरोबर माहिती मिळाली असती.

त्या दिवशी आम्ही जी चूक पाहिली ती भाषांतरातली नव्हती. इंग्रजी पान बदलणाऱ्या व्यक्तीला मराठी पान आहे हे ठाऊक होते, पण ते बदलणे तिचे काम आहे असे कोणी तिला सांगितले नव्हते, आणि माझे काम ‘मराठी आवृत्ती तयार करणे’ असे लिहिलेले असल्याने ती तयार झाल्यावर ते संपले, असे मीही धरून चाललो होतो. त्यानंतर प्रत्येक पानासाठी एक नोंदवही सुरू झाली, जिच्यात इंग्रजी आणि मराठी मजकूर शेवटचा कधी बदलला याच्या तारखा आणि त्या पानाची जबाबदारी असलेल्या एका माणसाचे नाव असते. कागदपत्रे, उत्पन्नमर्यादा, फोन क्रमांक आणि वेळा यांतला कोणताही बदल दोन्ही भाषांत एकाच वेळी होतो. मराठी तयार नसेल तर इंग्रजीही थांबते. बाकीच्या पानांवर मराठी मजकूर मागे पडला असेल तर वरच्या बाजूला तारखेसह तसे ठळक लिहिलेले असते आणि फोन करायला सांगितलेले असते. विश्वस्तांपैकी एकांना हे संस्थेच्या प्रतिमेला शोभणारे वाटले नव्हते. मी आग्रह धरला, आणि तो योग्य होता असे आजही मानतो.

उलटा प्रवास

मुंबईत पहिल्यांदा येणाऱ्यांसाठीच्या पानावर काम करताना आणखी एक गोष्ट उघड झाली. इंग्रजी पानात अजून एल्फिन्स्टन रोड स्थानकाचा उल्लेख होता. ते नाव जुलै २०१८ मध्ये बदलून प्रभादेवी झाले आहे. दादरच्या फलाटांचे क्रमांकही जुने होते. पूर्वी पश्चिम आणि मध्य या दोन्ही बाजूंना फलाट क्रमांक एक होता, आणि डिसेंबर २०२३ मध्ये मध्य रेल्वेच्या बाजूच्या फलाटांना ८ ते १४ असे क्रमांक मिळाले. मुंबईकर देणगीदाराला यातले काहीच लागत नाही, म्हणून वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात आले नव्हते. सोलापूरच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने किंवा कोल्हापूरच्या महालक्ष्मीने पहाटे दादरला उतरणाऱ्याला मात्र हीच माहिती सर्वांत आधी लागते.

त्या पानाचे भाषांतर आम्ही केलेच नाही. दोन स्वयंसेवक धर्मशाळेतल्या कुटुंबांबरोबर बसले, पहिल्या दिवशी कुठे चुकलात, कोणाला विचारले, रिक्षा कुठे शोधली, असे विचारत गेले आणि पान मराठीतच लिहिले. वांद्रे आणि शीव यांच्या दक्षिणेला रिक्षा चालत नाही, हे कोणत्याही मुंबईकराला सांगावेसे वाटणार नाही. त्या पानाच्या तिसऱ्या ओळीत ते आहे. नंतर त्याचे इंग्रजी झाले. आता रुग्णांसाठीची बरीचशी नवी पाने याच क्रमाने तयार होतात, आणि शब्दांच्या वहीत चौथा रकाना इंग्रजी प्रतिशब्दाचा आहे.

मराठी पानांपैकी सहा आता कागदावर छापून धर्मशाळेच्या सूचनाफलकावरही लावली जातात, प्रत्येकावर शेवटच्या बदलाची तारीख ठळक अक्षरांत असते, आणि पान बदलले की जुना कागद काढण्याची जबाबदारीही नोंदवहीतल्या त्याच माणसाची आहे. उत्तर प्रदेश आणि बिहारमधून येणाऱ्या कुटुंबांसाठी हिंदी आवृत्तीची मागणी गेल्या वर्षापासून आहे. तिचा मजकूर इंग्रजीवरून न करता मराठीवरून करायचा, एवढे ठरले आहे. नोंदवहीत हिंदीच्या रकान्यापुढे लिहायला नाव अजून मिळालेले नाही, म्हणून काम सुरू केलेले नाही.